जीप, पाते आणि बर्फ

थंड देशांत दारापुढचा बर्फ काढण्याचे काम तिघांत वाटलेले असते. हमरस्ता नगरपालिकेचे मोठे ट्रक मोकळा करतात. उंबरठ्यापुढची पायवाट घरातला माणूस फावड्याने करतो. मधे उरतो तो घरापासून हमरस्त्यापर्यंतचा गाडीरस्ता, दुकानापुढची मोकळी जागा, गोठ्याचे आवार. ट्रकला ही जागा अपुरी पडते आणि फावड्याला फार होते. तिथे एखाद्या छोट्या, चारही चाकांना जोर असलेल्या कामगाडीला पुढे लोखंडी पाते बसवून बर्फ ढकलतात. या मधल्या कामाचा इतिहास बराचसा जीप या एका गाडीचा इतिहास आहे. तिचे मूळचे साधे रूप सत्तर वर्षे टिकून राहिले ते मात्र अमेरिकेत नव्हे. विरार-चर्चगेट लोकलच्या वाटेवरच्या कांदिवलीसारख्या गावी ते टिकले, जिथून पुढे अर्नाळा-पाचूबंदरपर्यंत बर्फ म्हणजे मासळीवर फोडून टाकायची वस्तू.

काम किती मोठे, हे आकड्यांत पाहिलेले बरे. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. दबलेला किंवा ओला झालेला असेल तर तीच जागा ३०० किलो आणि त्याहून जास्त वजन धरते. घरापुढचा रस्ता ३० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद असला आणि रात्रीत वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर बर्फ पडला, तर सकाळी हलवायचा माल होतो १८ घनमीटर. हलका धरला तरी ९०० ते १,८०० किलो. कामावर निघण्याआधी एवढे फावड्याने उपसणे तरण्याबांड माणसालाही जड जाते, आणि मोसमात हे एकदाच करायचे नसते.

मोटारी येण्यापूर्वी हा प्रश्न असा नव्हताच. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यातली वाहतूक घसरगाड्यांची असे आणि घसरगाडीला रस्त्यावर बर्फ हवाच असतो. त्यामुळे न्यू इंग्लंड आणि कॅनडाच्या गावांत बर्फ काढत नसत. घोडे जुंपलेले मोठे लाकडी रूळ फिरवून तो दाबून टणक करत. छपराच्या पुलांवर बर्फ पोचत नसे, तर तिथे मुद्दाम आणून पसरत. शहरांचे मात्र वेगळे होते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर रस्त्यावर उतरला आणि पुढच्या काही वर्षांत इतर शहरांनी तो उचलला. मार्च १८८८ च्या वादळाने न्यूयॉर्क कित्येक दिवस ठप्प केले. त्यानंतर तारा जमिनीखाली घालण्याला आणि भुयारी रेल्वेच्या मागणीला जोर चढला, तसाच बर्फ हटवणे ही नगरपालिकेची नेहमीची जबाबदारी आहे हा विचारही रुजला.

मोटार आली आणि उलटे झाले. घसरगाडीला लागणारा दाबलेला बर्फ मोटारीला वैरी ठरला. १९२० च्या दशकात ट्रकच्या तोंडाला नांगर बसवण्याचे प्रयोग अटलांटिकच्या दोन्ही काठांवर झाले. नॉर्वेत ओव्हरोसन बंधूंनी १९२३ साली मोटारीला लावायचा नांगर तयार केला. कॅनडात आर्थर सिकार्ड यांनी १९२५ च्या सुमारास बर्फ कापून दूर फेकणारे यंत्र बनवले. ही सगळी अवजड अवजारे होती आणि ती सरकारी खात्यांनीच घ्यावीत अशा किमतीची होती. शेतकऱ्याच्या अंगणात यातले काही शिरत नव्हते. साधी मोटार पुढे पाते लावून ढकलू पाहावी तर तिची फक्त मागची चाके फिरत. पाते बर्फात रुतले की ती जागच्या जागी गरगरत राहत.

चारही चाकांना जोर देणारी, छोटी आणि स्वस्त गाडी जन्मली ती युद्धामुळे. अमेरिकन सैन्याने १९४० साली हलक्या टेहळणी गाडीची मागणी काढली. बॅन्टम, विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या तीन कंपन्यांनी नमुने दिले. शेवटी विलीजचा आराखडा पक्का झाला आणि तो विलीज व फोर्ड दोघांनी बनवला. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या. सुमारे एक टन वजन, ६० अश्वशक्तीचे इंजिन, दोन मीटर अंतरावर पुढची-मागची चाके आणि चढावर किंवा चिखलात वापरायचा हळू पण जोरकस असा वेगळा गिअर. बर्फ ढकलायला नेमके हेच लागते, फक्त १९४० साली त्या कामाचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता.

युद्ध संपताच विलीजला गिऱ्हाईक शोधावे लागले. १९४५ साली कंपनीने सीजे-२ए ही नागरी जीप काढली आणि ती मोटार म्हणून न विकता शेताचे अवजार म्हणून विकली. नांगर ओढा, पट्टा लावून करवत चालवा, खांबांसाठी खड्डे पाडा, रविवारी त्याच गाडीतून चर्चला जा, असा तिचा एकंदर बाणा होता. शेतीत ती फारशी ठरली नाही. ट्रॅक्टर नांगरटीला तिच्याहून चांगला होता आणि शेतकऱ्यांना ते लवकरच कळले. पण जाहिरातीत मागच्या रांगेत असलेले एक काम तिला पुरेपूर जमले, ते बर्फाचे. मेन राज्यातल्या रॉकलंड गावी डीन फिशर यांनी १९४८ साली जीपसाठी पाती बनवायला सुरुवात केली. १९५० साली मिलवॉकीत वेस्टर्न ही कंपनी त्याच धंद्यात उतरली. ही दोन्ही नावे अमेरिकेतल्या बर्फाच्या पात्यांवर आजही दिसतात.

या पात्याचे काम पाहण्यासारखे असते. ते दोन मीटरच्या आतबाहेर रुंद आणि आतल्या बाजूला वळलेले असते. शेत सपाट करायच्या केणीला बाक दिला तर जशी दिसेल तसे. बाकामुळे बर्फ चाकांखाली न जाता वर चढतो आणि गुंडाळत पुढे पडतो. पाते सरळ ठेवता येते आणि डावीउजवीकडे तिरकेही करता येते. तिरके केले की बर्फ कडेला सांडत जातो. पात्यामागे जाड स्प्रिंगा असतात. बर्फाखाली दडलेला दगड किंवा गटाराचे झाकण लागले की पाते पुढे लवते, अडथळा ओलांडते आणि स्प्रिंगा त्याला पुन्हा उभे करतात. नाहीतर पहिल्याच धक्क्याला गाडीचा सांगाडा वाकेल. खाली दोन लोखंडी बूट असतात. खडीचा रस्ता असेल तर मोसमाच्या पहिल्या बर्फात ते खाली करून पाते जमिनीपासून बोटभर उचलून ठेवतात. तसे न केल्यास अंगणातली निम्मी खडी वसंतात शेजारच्या हिरवळीतून वेचावी लागते. सुरुवातीच्या जीपगाड्यांत पाते हाताच्या दांड्याने उचलत. मग इंजिनावर चालणारा तेलाचा पंप आला, पुढे विजेचा.

चालवणाऱ्याचे काही नियम आहेत आणि ते सगळे खर्चातून शिकलेले आहेत. बर्फ थांबण्याची वाट पाहायची नाही. चार बोटे साचला की एक फेरी मारायची, कारण दोन थर एकदम ढकलणे म्हणजे दुप्पट नव्हे, त्याहून जास्त ताण. पहिल्या वादळातच बर्फ गरजेपेक्षा दूर नेऊन टाकायचा. कडेचे ढीग रात्री गोठून दगड होतात आणि मग दर वादळागणिक अंगण आक्रसत जाते. फेब्रुवारीत गाडी वळवायला जागा उरत नाही तेव्हा डिसेंबरमधला आळस आठवतो. पाते पुढे लोंबत असल्याने गाडीचे तोंड जड होते, म्हणून मागे वाळूच्या गोण्या टाकतात आणि चाकांना साखळ्या बांधतात. एका जागेहून दुसरीकडे जाताना पाते पूर्ण वर ठेवले तर रेडिएटरला वारा लागत नाही आणि शून्याखालच्या थंडीतही इंजिन तापते. अर्धे काम उलट्या गिअरमध्ये होते, त्यामुळे क्लच आणि गिअरबॉक्स आधी जातात. स्वतःच्या दारातला बर्फ हमरस्त्यावर लोटायला अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कायद्यानेच बंदी आहे. ती मोडण्याचा मोह किती मोठा असतो, याचा तो कायदाच पुरावा.

जीपला पाते लागले त्याच काळात अमेरिकेतल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकण्याची पद्धत वाढली आणि जुन्या जीपगाड्यांचा खरा शत्रू पुढे आला. खारट चिखल चाकांच्या कमानींत बसतो आणि पत्रा आतून खात जातो. वसई-नायगावच्या मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. खिडकीचे गज आणि सायकलीचे मडगार्ड त्यांनी डोळ्यांदेखत चाळण होताना पाहिलेले असतात.

जीप मुंबईत आली तीही युद्धाच्याच धाग्याने. कैलाशचंद्र महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनला भारताच्या खरेदी मंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांची गाठ विलीजचे इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी पडली. कैलाशचंद्र, त्यांचे बंधू जगदीशचंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव १९४८ साली ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. ‘एम अँड एम’ ही अक्षरे मात्र बदलावी लागली नाहीत. जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबई बंदरात उतरत आणि बंदराला लागूनच असलेल्या माझगावात त्यांची जोडणी होई. १९५० च्या दशकात विलीजच्या परवान्याने टप्प्याटप्प्याने देशी भाग वापरून उत्पादन सुरू झाले. पुढे काम कांदिवलीला, आकुर्ली रस्त्यावरच्या मोठ्या कारखान्यात गेले. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी १९६३ मध्ये झालेल्या करारातून ट्रॅक्टरही कांदिवलीतच बनू लागले.

विलीजने जो नमुना दिला तो सीजे-३बी. नव्या उंच इंजिनासाठी टोपण वर उचललेली, जरा बेढब दिसणारी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली. भारतात तिचा वंश पुढे कित्येक दशके चालला. इंजिने बदलली, पेट्रोलच्या जागी प्यूजोच्या बनावटीचे डिझेल आले, लांबी कमीजास्त झाली, नावे बदलली. पण सपाट पत्र्याचे अंग, शिडीसारखा सांगाडा आणि पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा तशाच राहिल्या. याला परंपरेचे प्रेम म्हणणे भाबडेपणा होईल. परवाना पद्धतीत नवा नमुना आणणे अवघड होते, स्पर्धा नव्हती, आणि रस्ते असे होते की साधी गाडीच तग धरे. आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात, जव्हार-मोखाड्याच्या घाटांत, ज्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या माणसे, भाताची पोती आणि कोंबड्या एकदम वाहत, त्यांना नाक्यावरचा मिस्त्री हातोडी-पान्याने उभे करू शकत असे. अमेरिकेत जीप त्याच काळात गालिचा, वातानुकूलन आणि आरामखुर्च्यांची गाडी होत गेली. विलीज १९५३ मध्ये कैसरने घेतली, मग १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सने, १९८७ मध्ये क्रायस्लरने. दर मालकासरशी गाडी अधिक महाग आणि अंगणातल्या कामापासून अधिक दूर गेली.

भारतात बर्फ आहे, जीपही होती. तरी पाते लावलेली जीप हिमालयात रुजली नाही, आणि त्याची कारणे सरळ आहेत. सीमा रस्ते संघटना ७ मे १९६० रोजी स्थापन झाली. पुढे हिमालयातल्या खिंडी उघडण्याचे काम तिच्याकडे आले. झोजिला ३,५२८ मीटर उंचीवर आहे. तिथे बर्फ वीतभर नसतो; हिमलोट कोसळून साचलेल्या भिंती कित्येक मीटर उंच असतात. एक टनाची जीप त्यांना टेकून उभी राहील एवढेच. तिथे लागतात बुलडोझर आणि बर्फ कापून दरीत फेकणारी मोठी यंत्रे, आणि सोनमर्ग व द्रास अशा दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे येणारी पथके. पूर्वी ही खिंड हिवाळ्यात चार-पाच महिने बंद राही. २०२३ साली ती ६८ दिवसांत, १६ मार्चला उघडली, आणि २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांत, १ एप्रिलला. या कामाचा महाराष्ट्राशी संबंध आहे तो पुण्याजवळच्या दिघीमुळे. संघटनेच्या ‘ग्रेफ’ दलाचे केंद्र तिथे आहे, आणि हिमालयात यंत्र चालवणारा माणूस भरतीनंतर आधी दिघीच्या उन्हात कवायत करून जातो.

गावांत तरी जीप का चालली नाही? काश्मीर आणि हिमाचलमधली घरे उतारावर, एकमेकांना लागून असतात; दारापासून रस्त्यापर्यंत लांबलचक खासगी गाडीरस्ता नसतोच. काश्मिरी माणसाची पहिली काळजी रस्त्याची नसून छपराची असते, आणि छपरावरचा बर्फ लाकडी फावड्यानेच काढावा लागतो. अंगणापुरती पाते लावलेली गाडी ही विखुरलेल्या वस्तीची, मोठ्या आवारांची आणि महाग मजुरीची निपज आहे. यातले एकही तिथे नव्हते.

अमेरिकेत मात्र गरज तशीच राहिली आणि जीपने सोडलेली जागा इतरांनी भरली. कावासाकीने १९८८ मध्ये ‘म्यूल’ आणली, पोलारिसने १९९८ मध्ये ‘रेंजर’. शेजारी शेजारी दोघे बसतील, मागे छोटा हौदा असेल आणि पुढे पाते किंवा चरखी लावता येईल, अशा या गाड्यांना तिथे यूटीव्ही म्हणतात. त्या सार्वजनिक रस्त्यासाठी नसल्याने मोटारींचे सुरक्षेचे कडक नियम त्यांना लागत नाहीत आणि किंमत आटोक्यात राहते. बर्फाबद्दल तिथला नागरिक किती हळवा असतो, हे शिकागोने दाखवले होते. जानेवारी १९७९ च्या वादळात रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहीत आणि पुढच्याच महिन्यात महापौर मायकेल बिलँडिक पक्षांतर्गत निवडणूक जेन बर्न यांच्याकडून हरले. नालेसफाईवरून दर जूनमध्ये आपल्याकडे होणारी ओरड पाहता हे आश्चर्य वाटण्याजोगे नाही. आश्चर्य एवढेच की तिथे खुर्ची गेली.

या यूटीव्हींच्या बाजारात मार्च २०१८ मध्ये महिंद्रने ‘रॉक्सर’ उतरवली. भारतातून सुटे भाग जात आणि मिशिगन राज्यातल्या ऑबर्न हिल्स इथे गाडी जोडली जाई. म्हणजे माझगावचीच पद्धत, फक्त जहाजाचे तोंड उलट दिशेला. रॉक्सर मुळात महिंद्रच्याच भारतातल्या ‘थार’ या गाडीची बहीण होती आणि थार त्या जुन्या जीपच्या वंशातली. पोलादी अंग, शिडीचा सांगाडा, पानपट्ट्यांच्या स्प्रिंगा, अडीच लिटरचे डिझेल इंजिन. त्याची ताकद ६० अश्वशक्तीच्या जरा वर, जवळपास १९४१ च्या जीपइतकीच. वेग ताशी सुमारे ७२ किलोमीटरवर बांधलेला, किंमत १५ हजार डॉलरच्या आसपास. प्लास्टिकच्या अंगाच्या इतर यूटीव्हींपेक्षा ती जड होती, आणि बर्फ ढकलताना वजन हा दोष नसून गुण असतो. बर्फाचे पाते आणि चरखी तिच्या जोडसामानात मिळत. गिऱ्हाईक शेतकरी, शिकारी आणि लांब गाडीरस्त्याच्या घरांत राहणारे. सत्तर वर्षांपूर्वी विलीजने ज्यांच्यासाठी जाहिराती केल्या तेच.

जीप हे नाव तोवर फियाट क्रायस्लरच्या मालकीचे झाले होते आणि त्या कंपनीचे अमेरिकेतले मुख्यालयही ऑबर्न हिल्समध्येच. १ ऑगस्ट २०१८ रोजी तिने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की रॉक्सरचा चेहरामोहरा जीपची नक्कल आहे. सपाट उभ्या बाजू, पुढची उभ्या फटींची जाळी, बाहेरच्या कड्यांनी आवळलेले टोपण, अशा खुणांवर वाद झाला. महिंद्रचे म्हणणे होते की जीप बनवण्याचा आपला परवाना १९४० च्या दशकापासूनचा आहे आणि जाळीबाबत दोन कंपन्यांत २००९ मध्ये करारही झालेला आहे. जून २०२० मध्ये आयोगाने तक्रार मान्य केली आणि त्या रूपातल्या गाड्यांवर बंदी घातली. महिंद्रने जाळी आणि पुढचा भाग नव्याने घडवला. बदललेल्या गाडीला आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये मोकळीक दिली. बदल सगळा चेहऱ्याचाच होता. जिथे पाते अडकवायचे तो पुढचा सांगाडा, चारही चाकांचा जोर आणि हळू गिअर यांना त्या निकालाने हात लावला नाही.